बाबांचा राहिलेला सीन

कॅन्ससमधल्या आमच्या गावच्या टायरच्या दुकानात मी पंक्चर निघायची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर परगावचे भाऊ-बहीण बोलत होते. त्यांची जुनी व्हॅन बाहेर जॅकवर चढवली होती.

"मार्नी, आपल्या सिनेमाचा एकच सीन राहिलाय. बाबा रस्ता चुकून गाडी कुरणात घालतात आणि गाईंना पत्ता विचारतात."

"बाबांना पुरून नऊ दिवस झाले, कोल्बी."

"माहितीय. मीही होतो तिथे."

"मग सोड ना हा सिनेमा. कुणाचं अडलंय त्याच्यावाचून?"

"बाबांचं. हॉस्पिटलात म्हणाले, गाईंचा सीन माझाच."

"ते नाहीत आता."

"पाठमोरा कुणीतरी बसवू. आवाज त्यांचाच आहे, तालमीत टेप केलेला."

"त्यात ते खोकतायत."

"खोकू देत. विनोदी सिनेमा आहे, लोक हसतील."

"आपणही हसलो होतो. वर तू म्हणालास, बाबा, पुन्हा घेऊ, या वेळी खोकू नका."

"तू पण होतीस की."

"होते. म्हणून तर झोप लागत नाही."

तिने बाहेर जॅकवरच्या व्हॅनकडे पाहिलं. मग ती माझ्याकडे वळली.

"काका, आमची व्हॅन दहा मिनिटं चालवाल? तोंड दिसणार नाही."

"चालवेन की. पण बोलायचं काय?"

"काही नाही. फक्त खांदे पाडून बसा. बाबा शेवटी शेवटी तसेच बसायचे."