वंशावळीची मशीन

गुरुपादप्पा : न्हाई म्हणजे न्हाई. आठ वर्सामागं तूच माझं डोकं खाल्लं होतंस. "आप्पा, आपल्या गोपालक संघाच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाका. फुकट हाय, कुण्या कंपनीच्या दारात उभं राहायचं काम न्हाई." बरोबर हाय का न्हाई?

मंजुषा : बरोबर आहे. अन् आता मीच म्हणते, विकतचं घ्या. विंडोज घ्या. अडलं की फोन उचलायला कंपनीचा माणूस असतोय.

गुरुपादप्पा : माणूस तर तू हायस की!

मंजुषा : तेच तर! मीच एकटी आहे. गेल्या दिवाळीला हैदराबादला गेले, तिसऱ्या दिवशी तुमचा फोन. "पोरी, वंशावळीची साईट उघडंना." नवऱ्यासंगं धड चार दिवस काढले न्हाईत मी आप्पा. लग्नाला दोन वर्सं झाली. आता तिथं नोकरी लागलीय, एक तारखेला हजर व्हायचंय.

गुरुपादप्पा : मग काय करू? गाय माजावर आली की तुझ्या रजेसाठी थांबत न्हाई. त्याच दिवाळीत संघातल्या वीरण्णाला वळूची वंशावळ बघायला मिळाली न्हाई. बसला की गायीला तिच्याच बापाकडं घेऊन! वासरू आंधळं निघालं. देवणी जातीच्या गायीचं नाव सांगतो अन् असली वासरं दाखवायची का लोकाला?

मंजुषा : म्हणूनच म्हणते, विंडोज घ्या. ही नवी लुंबिनी तेच शिकून आलीय. ती बघील.

लुंबिनी : ताई, विंडोज येतं मला. पण तुमचा तो नात्यागोत्याचा प्रोग्रॅम? गायीच्या नात्यातला वळू निवडला की लाल खूण येते, तो?

मंजुषा : तो तिकडं चालायचा न्हाई. नव्यानं लिहावा लागंल.

गुरुपादप्पा : किती दिवस?

मंजुषा : सहा महिने.

गुरुपादप्पा : घ्या! म्हणजे विकतचं आणलं तरी तू हितंच, अन् फुकटचं ठेवलं तरी हितंच.

लुंबिनी : आप्पा, एक बोलू? मी लिनक्सच शिकते की. ताई, तुमची वही द्या फक्त. काय कसं बसवलंय, कोणता पासवर्ड कुठला, लिहिलं असंल ना?

(मंजुषा मशीनच्या वायरी सारख्या करू लागते.)

गुरुपादप्पा : अगं दे की तिला. वायरी काय सारख्या करतीस?

मंजुषा : वही न्हाई.

गुरुपादप्पा : आठ वर्सात एक ओळ लिहिली न्हाईस?

मंजुषा : मुद्दाम न्हाई लिहिली. मी हितं कामाला लागले तवा तुमचा पुतण्या कॉम्प्युटर शिकून आला होता. आपलं माणूस सोडून मला कोण ठेवणार? म्हटलं, असं करून ठेवावं की माझ्याबिगर मशीन हलू नये.

गुरुपादप्पा : संगमेश्वर? अगं, त्याला मी पहिल्याच महिन्यात घरी धाडलं होतं. गायीची जात इचारली तर फोनमधी बघून सांगत होता. तुला कायम करायचा ठराव संघाच्या त्याच महिन्याच्या बैठकीत झाला.

मंजुषा : मला कुणी सांगितलं न्हाई.

गुरुपादप्पा : मला वाटलं, तुला ठावं हाय.

मंजुषा : आठ वर्सं भीत होते मी, आप्पा. उगाच.

लुंबिनी : जाऊ द्या ताई. अजून नऊ दिवस आहेत. तुम्ही पहिल्यापासून सांगा, मी लिहून घेते. हं, पहिलं काय केलं होतं?

मंजुषा : पहिलं... थांब. पहिलं ते... लुंबिनी, खरं सांगू का? बंद पडलं की हात आपोआप चालतात गं माझे. काय करते ते मलाच सांगता येत न्हाई.