तिकडचे बारा, इकडचे साडेचार

“मन्हा आंडोर तठे उपाशी, आनि ही आठे बाराले जेवी लेस.”

हे आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई धनुबाई, परसातल्या भिंतीवरून शेजारच्या रेवाबाईंना लेकाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, काळजीनं सांगत होत्या, अगदी हळू आवाजात… आणि भिंतीला लागून खाली मी भांडी घासत बसलेली! आता तुम्हीच सांगा, यात माझा काय गुन्हा? हां, एक आहे. यांचं पत्र मीच मोठ्यानं वाचलं होतं. घरात वाचता येणारी मी एकटी, ती हौस नडली.

तुम्हाला सांगते, लग्नाला पंधरा दिवस होतात न होतात तोच हे लढाईवर गेले. बंदूक नाही हो, पुरवठा खात्यात कारकून. तर पत्रात लिहितात, आम्ही एका फार जुन्या राजधानीत आहोत, दोन हजार वर्षांचे खांब अजून उभे आहेत. राजधानीचं नाव पत्रं तपासणाऱ्या साहेबानं शाईनं काळं केलेलं. आणि खालची ओळ मात्र तशीच सोडलेली: ‘इथे बाराला आम्ही जेवायला बसतो, तेव्हा आपल्या शहाद्याला साडेचार वाजलेले असतात.’ अरे बाबा, एवढी शाई होती तर ही ओळ नको होती का काळी करायला?

कारण या घरात नवरा जेवल्याशिवाय सून जेवत नाही. इतके दिवस हे कधी जेवतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून माझं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी बाराला मी पाट घेतला, तर आत्याबाई घड्याळाला सांगितल्यासारखं म्हणाल्या, “तठे आजून सकायच शे…”

मी पाट उचलला. म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं.

मामंजी भरीत-भाकरी चापून ढेकर देत म्हणाले, “गाव दोन हजार वरीसना जुना ना? मंग तठलं घड्याय बी जुनं व्हई, मांगे पडत व्हई.” मला आशा वाटली. पण आत्याबाई ढिम्म. तिकडे अजून सकाळच!

महिनाभर हे असं. धान्य निवडताना चार शेंगदाणे तोंडात टाकायचे, तेही पाठ फिरवून. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. भरताचा वास बाराला, भरीत साडेचारला… तेही तळाला उरलेलं!

आणि काल रेवाबाई म्हणतात, “कितली वाळनी वं तुन्ही सून!” तर आत्याबाई कौतुकानं, “नवराना याद मा सुकाई ऱ्हायनी.”

याद? पंधरा दिवसांत आमचं धड बोलणं तरी झालं होतं का? मी वाळले ती भाकरीच्या आठवणीनं!

आता खरं सांगते, पत्रातली एक ओळ मी वाचताना गिळली होती. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा चुलीजवळ घेत नाहीत, आणि यांनी खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘हे आईला वाचून दाखवू नकोस.’ महिनाभर नाही दाखवलं. पोटात दुसरं काही नव्हतंच, तेवढी ओळ होती. पण त्या दोघी आता माझ्याकडे बघून हसत होत्या, मी लाजेन म्हणून… आणि मी म्हणाले,

“आत्याबाई, ते उपाशी नसतात. आपल्याकडे साडेअकरा वाजले की ते तिकडे न्याहारीला दोन अंडी खातात, पत्रातच आहे. मग त्यांच्यामागून मी भाकरी खाऊ, का अंडीच खाऊ?… तुम्ही म्हणाल तसं.”