पुट्टेगौडाची शाल

होसकेरेच्या पोस्टाला शंभर वर्षं झाली, त्याचा उद्या समारंभ होता. नवे पोस्टमास्तर नंजुंडय्या खिडकीमागे शिक्के मारत होते आणि रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांची तोंडं सुरू होती.

"गिरिजक्का, पोस्टमन पुट्टेगौडाला शाल देणार म्हणे. जन्मात एक टपाल हरवलं नाही म्हणून."

"हरवेल कसं? मेला कधी डोंगर चढून आमच्या वाडीला आला का? सगळं टपाल शेणैच्या हॉटेलात, इडलीच्या कपाटावर. आधी गावानं वाचायचं, उरलं तर आम्ही."

"तुझ्या भावाचं कार्डही तिथंच पडलं होतं ना गं?"

"हो तर! मामानं लिहिलेलं, बेंगळुरूच्या गिरणीत जागा आहे, सोमवारी ये. आमच्या हातात पडलं गुरुवारी. तोवर शेणैचा पोरगा मामाचं नाव सांगून चिकटलासुद्धा. आणि आमच्या भावानं त्याच्याच बापाच्या हॉटेलात जन्मभर कपबशा विसळल्या."

"उद्याचा पाहुणा तो शेणैचा पोरगाच की! पत्रिकेत छापलंय, ‘मी आज जो आहे, तो या पोस्टामुळे.’"

"बघ, तेवढं मात्र खरं बोलला."

एवढ्यात गिरिजक्काचा नंबर आला. ती खिडकीशी वाकली.

"मास्तर, आमच्या भावालाही बोलवा हं उद्या. चहा होईल, कपबशा विसळायला कुणीतरी लागेलच."