किंकाळीच्या आधीचं

समुपदेशक बाईंच्या दाराबाहेर एक शिक्षिका आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. आतून लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा माणूस बाहेर आला आणि तिच्या शेजारी बसलेल्या आपल्या थोरल्या बहिणीजवळ टेकला.

"काय केलं रे आज?"

"तेच. बाई बोटं डावी-उजवीकडे हलवतात, आपण नजर त्यांच्या मागे न्यायची. आणि मनात तो दिवस आणायचा."

"बोटं नाचवून कुणाचं दुःख गेलंय का?"

"पहिल्यांदा मलाही हसूच आलं होतं, ताई."

"मग विसरलास तो दिवस?"

"विसरतोय कसला! पण आधी डोळे मिटले की कामावरचा साथीदार रोज नव्याने लिफ्टच्या खड्ड्यात पडायचा. आता, तो तेव्हा पडला होता, असं वाटतं."

"बरं."

"आज त्याच्या किंकाळीच्या आधीचंही आठवलं."

"काय?"

"पाना मागत होता. म्हणाला, लवकर दे रे, आज उशीर झाला तर बायको घरात घ्यायची नाही. आणि हसला."

"अगं बाई! आणि ती बिचारी विचारून विचारून थकली, शेवटचं काय बोलले म्हणून."

"मी म्हणायचो, आठवत नाही. तिला वाटायचं, लपवतोय."

"आता सांगशील?"

"आत्ताच जाऊ. तू तिच्या दारापर्यंत चल फक्त."

शिक्षिकेने पाय आखडून दोघांना वाट दिली. आतून तिला हाक आली, तेव्हाही ती जिन्याकडेच बघत होती.