अपघाताचं कारण

आखातातल्या अल् घुब्राच्या दवाखान्यात मी पुस्तक उघडून बसलो होतो. शेजारी एक आजी हात ओढणीत अडकवून बसल्या होत्या आणि त्यांचा मुलगा फॉर्म भरत होता.

“कसं लागलं, ते विचारलंय. बाथरूममध्ये पाय घसरला, असं लिहितो.”

“बाथरूम कशाला? वाळूच्या डोंगरावरून फळीवर उभी राहून उतरले, असं लिही.”

“आई, तू एकसष्ट वर्षांची आहेस. लोक मला काय म्हणतील?”

“तिथे तूच नेलंस ना, जितेश?”

“बसून घसरायला नेलं होतं.”

“पहिल्या शुक्रवारी बसूनच घसरले. दुसऱ्या शुक्रवारी उभी राहिले आणि सात वेळा पडले. काल वळण घेतलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे.”

“मला सहा महिन्यांत जमलं नाही ते. तुला कसं जमलं?”

“शेताच्या ओल्या बांधावरून भारा घेऊन चालायचे, तसंच. गुडघे सैल सोडायचे आणि समोर बघायचं. तू पायांकडे बघतोस.”

“मग हात कसा मुरगळला?”

“तो खाली पोचल्यावर. खुशीत दोन्ही हात वर केले आणि तोल गेला.”

“बरं, सँडबोर्ड लिहितो.”

“उभ्याने, हेही लिही.”

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दोनदा वाचला.

“आंटी, सच में खडे होके?”

“हो गं. वळणासकट.”

मी माझा फॉर्म पुस्तकातून काढला. त्यावर मीही बाथरूमच लिहिलं होतं, आणि ते खरं होतं.