खाली सगळं पोकळ आहे

नाही, तुम्हीच सांगा, 'खाली सगळं पोकळ आहे' हे काय धीर द्यायचं वाक्य झालं? आमच्या घरासमोरची बाग खणली, खाली पावसाचं पाणी साठवायची टाकी बांधली, वर पुन्हा हिरवळ अंथरली आणि इंजिनियर मला म्हणतो, 'काका, निर्धास्त राहा, खाली सगळं पोकळ आहे, गल्लीतलं पाणी आरामात मावेल.' निर्धास्त? अहो, आमची ही रोज सकाळी त्याच हिरवळीवर मैत्रिणींबरोबर व्यायाम करते... व्यायाम कसला, उड्या! 'एक, दोन, उडी...' आणि इकडे खिडकीत मी देवाचं नाव घेतोय, कारण खाली सगळं पोकळ आहे.

एकदा तर तुम्हाला सांगतो, गवताला कान लावून पाहिला. माळी म्हणाला, 'काका, काही हरवलं का?' म्हटलं, 'हो बाबा, झोप.'

आणि आज सकाळी आभाळच फाटलं. ही बागेत, मी आणि आई तळमजल्यावर, पाणी पायरीला लागलेलं... दर पावसाळ्यात इथूनच ते आत यायचं, आईला टेबलावर बसवावं लागायचं. देवापुढे हात जोडले आणि तिथेच अडकलो. का माहितीये? पाणी टाकीत गेलं नाही तर आई बुडते, गेलं तर बायको. देवाकडे मागायचं तरी काय?

आई म्हणाली, 'मी चढते टेबलावर, तू सुनेला घेऊन ये.' धावलो. हिरवळीपाशी पोचलो आणि पाय उचलेना. मग रांगत गेलो... हो, रांगत, वजन एका जागी पडू नये म्हणून! खालून नुसती गुडगुड, आणि ही मधोमध छत्री घेऊन, पाणी जाळीतून आत कसं जातं ते बघत उभी. 'अहो, काय शोधताय? घरात शिरलं का पाणी?'

मागे वळून पाहिलं, तर पायरी उघडी पडली होती. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी इंजिनियर आला. 'काका, टाकी काठोकाठ भरली, आता कुठे पोकळ?' इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू... तर म्हणतो, 'उद्या उपसून टाकू, पुढच्या पावसाला जागा नको का?'

आता बघा, उभ्या जन्मात पोकळ आश्वासनं ढिगाने ऐकली, त्यांची सवय आहे आपल्याला. हे एकच खरं निघालं... आणि आमची ही उद्यापासून त्याच्यावर उड्या मारणार.