तिपाईचा चौथा पाय

...रागावू नका, पण सही नाही करत मी. लेकीसाठी एवढ्या लांबून आलात, कळतंय मला — बसा, त्या खुर्चीवर नको, ती डुलते, इकडे बसा. द्या बघू पुस्तक. हो, चित्रं माझीच. म्हणजे — माझीच म्हणायची. मी काही चित्रकार नव्हतो हो, चार इयत्ता शिकलेला माणूस, जनावरांच्या दवाखान्यात कामाला. काम काय, तर धरून ठेवायचं. डॉक्टर सुई टोचणार, मी धरणार. गाय असो, मांजर असो, कानाशी हळू बोललं की ऐकतात बिचारी. बाहेर बाकावर पोरं बसलेली असायची, आत आपलं कुत्रं विव्हळतंय म्हणून रडत. त्यांना काय सांगणार? मग कोळसा घेतला नि समोरच्या भिंतीवर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्यांचंच कुत्रं काढून दाखवायला लागलो — हे बघ, पट्टी बांधली, हे बघ, आता शेपूट हलवतंय. रडं थांबायचं. डॉक्टर आधी चिडले, मग स्वतःच भिंतीला चुना लावून घेतला, म्हणाले, काढ अजून. असं सुरू झालं ते, दुसरं काही नाही.

आणि तिपाई. गाडीखाली सापडलेली कुत्री, पुढचा एक पाय खांद्यापासून काढावा लागला, न्यायला कोणी आलं नाही, मग बाकाखालीच राहिली. पोरं विचारायची, ही पळते कशी? कशी म्हणजे — उरलेला पुढचा पाय ती मधोमध टेकायची, छातीच्या बरोब्बर खाली, नि अशी सुटायची की धडधाकट कुत्री मागे राहायची. ते पळणं हातात यायला मला फार दिवस लागले. माझी पुतणी तेव्हा एवढीशी — भाऊ गेल्यावर माझ्याकडेच वाढली ती — मांडीवर बसून माझ्या हातावर हात ठेवायची, रेघ कुठे वळते ते बघायला. पुढे चित्रकला शिकली, पुस्तकं छापणाऱ्यांकडे नोकरीला लागली, नि एक दिवस म्हणाली, काका, तिपाईचं पुस्तक करू. तोवर तिपाई गेली होती. म्हटलं, कर बाई, पोरांना कळू दे अशी एक होती म्हणून. नि कागदावर चित्रं काढून दिली तिला.

हे पान बघा. पळतेय ना? मोजा पाय — चार. पहिल्यांदा मलाही कळलं नाही हो, मला वाटलं मीच काढलाय. माझीच रेघ, पंजापाशी जाड होत जाणारी — ती आम्हा दोघांनाच येते, मला नि पुतणीला. पण हा पाय मधोमध टेकलाय, मग त्या चौथ्याला जागा कुठे? लोंबतोय नुसता. नावही बदललं, राणी म्हणे. मी पुतणीला विचारलं, तर खाली मान घालून म्हणाली, "काका, साहेब म्हणाले मुलं घाबरतील. दुसऱ्या कोणी काढला असता, त्यापेक्षा मी काढला." मुलं घाबरतील — तिपाईच्या पोटावर डोकं ठेवून झोपलेली पोर ही. साहेबाचं मला काही वाटत नाही, त्यानं कुठे पाहिली होती तिला.

रविवारी येते अजून. मी दार उघडत नाही. तीही हाक मारत नाही, नुसती उभी राहते बाहेर — आणि मी आत, दाराला हात लावून, तिची पावलं जिना उतरेपर्यंत... हे कशाला सांगतोय मी तुम्हाला.

पण काय हो, लेक तुमची रोज वाचते म्हणालात ना हे? पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. पोराच्या हातचं पुस्तक असं नसतं, कोपरे चावलेले असतात. — असू द्या, खाली बघू नका. पुतणीनंच पाठवलं ना तुम्हाला? दुसरं पुस्तक काढून हवं असेल. — नाही? मग? — मी जेवतो की नाही, ते बघायला?

हं.

कुठे आहे, खाली? उन्हात उभी आहे? सावलीत हो म्हणावं. वर येऊ नको म्हणावं. बास, एवढंच. ते पुस्तक न्या. आणि जाताना दार ओढून घ्या.